निखाराचा चौथा रंग

हणमंत जगदाळेला नारंगी रंग पहिल्यांदा दिसला तो वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, पुण्यातल्या एका नेत्र रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून. खाली फाटकाशी एक फुलवाली बसली होती. तिच्या टोपलीत झेंडू होता. पट्टी काढून डॉक्टर बाजूला झाले, नर्सने पडदा अर्धा सरकवला, आणि हणमंत खिडकीचा गज धरून उभा राहिला तो हलेचना.

“शरयू, हा का तो?”

“कुठला?”

“त्या टोपलीतला. पानांपेक्षा निराळा दिसतोय गं. वेगळा उठून दिसतोय. हाच ना नारंगी?”

शरयूने मान हलवली. हणमंत रडायला लागला, मग तीही रडली, आणि नर्सने दोघांना दटावलं की डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही.

थोड्या वेळाने खिडकीच्या कट्ट्यावर एक पारवा येऊन बसला. हणमंत त्याच्याकडे बघत राहिला.

“याच्या मानेवर हे काय आहे?”

“हिरवट-जांभळी झाक असते ती.”

“हिरवा कळतो मला आता. जांभळाही. हे त्याच्या पलीकडचं आहे. याला काय म्हणतात?”

शरयूने पारव्याकडे निरखून पाहिलं. हिरवट-जांभळी मान, बस.

“काही म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “चष्मा घाला. डॉक्टरांनी सांगितलंय.”

रंग ओळखायला माणसाच्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर, तीन प्रकारच्या पेशी असतात. एक तांबड्या अंगाचा उजेड जास्त टिपते, दुसरी हिरव्या अंगाचा, तिसरी निळ्या. तिघींच्या साक्षी ताडून मेंदू रंग ठरवतो. हणमंतच्या डोळ्यातली तांबड्याची साक्षीदार जन्मापासून गैरहजर होती. त्यामुळे पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची त्याला एकाच मातकट रंगाच्या दिसायच्या. असा तांबड्या-हिरव्याचा घोटाळा होणारी माणसं शेकड्यात चार-पाच असतात. ती त्यावाचून अडत नाहीत. हणमंत माण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होता. मेंढ्यांना लस टोचायला रंग लागत नाही.

पक्ष्यांच्या डोळ्यात मात्र अशा पेशी चार प्रकारच्या असतात. चौथी पेशी अतिनील प्रकाश टिपते. आपल्या डोळ्यातलं भिंग तो प्रकाश आत येऊच देत नाही, आणि तो ओळखणारी पेशीही आपल्याकडे नाही. २०३८ साली पुण्यात जे प्रयोग सुरू झाले त्यात या दोन्ही गोष्टी साधल्या होत्या. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर हरवलेल्या रंगाचं जनुक लादून ते डोळ्याच्या पडद्यात पोचवायचं. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांचं भिंग तसंही काढावं लागतं. तिथे अतिनील प्रकाश अडवणार नाही असं नवं भिंग बसवायचं. आणि रुग्ण तयार असेल तर चौथ्या रंगाचं जनुकही द्यायचं. अर्जावर दोन चौकोन होते. हणमंतला मोतीबिंदू होताच. त्याने दोन्हींवर खूण केली होती, आणि साक्षीदार म्हणून शरयूनेच सही केली होती.

“हे दुसरं काय आहे हो?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“ज्यादाचं काहीतरी आहे,” तो म्हणाला होता. “फुकट मिळतंय तर घेऊ या.”

शरयू दहिवडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. दोघांची ओळख एका तळ्यावरच्या पक्षीगणनेत झाली होती. तिच्या गटात एक सडपातळ, गप्प माणूस होता. झुडपातून एक पक्षी उडाला तशी त्याने त्याची उडण्याची ढब सांगितली, शेपटीची लांबी सांगितली, आवाजाची हुबेहूब नक्कल केली, आणि शेवटी म्हणाला, “रंग तेवढा तुम्ही सांगा.” पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तेव्हापासून चोवीस वर्षं त्याचे रंग तीच सांगत आली. हुदहुदचं अंग फिकट नारंगी, थिरथिऱ्याची शेपटी विटकरी, कस्तूराचं डोकं आणि पोट गडद नारंगी, चक्रवाक केशरीकडे झुकणारा. हे तो पाढ्यांसारखं पाठ म्हणायचा. त्याच्याकडे रंगांचे जेवढे शब्द होते ते सगळे तिने दिलेले होते, आणि हे तिला आवडायचं. किती आवडायचं, ते तिला आत्तापर्यंत कळलं नव्हतं.

*

फेब्रुवारीत डॉ. ऋता कोपर्डेकर दहिवडीला आली. वय अडतीस, कोल्हापूरची, बोलायला मोकळी, चालायला झपाझप. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माळ आणि पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर. दोन्हीकडच्या नारंगी पक्ष्यांची नोंद तिला करायची होती. नारंगीच का, तर पक्ष्याला हा रंग स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही. पानात असतो, पानावरून अळीत जातो, अळी खाल्ली की पक्ष्याच्या पिसात उतरतो. माळ खंगला की पिसंही फिकी पडतात. म्हणजे पक्ष्याची छाती पाहून जमिनीची तब्येत सांगता येते.

एव्हाना पक्षी ओळखायला कुणाची गरज उरली नव्हती. फोन धरला की फोन नाव सांगे. फोनला ज्या नोंदींची शंका येई तेवढ्याच जिल्हा परीक्षकाकडे जात, आणि गेली अकरा वर्षं ती परीक्षक शरयू होती. तिची सही म्हणजे शेवटचा शब्द.

पहिल्या दिवशी तिघं धोंडाईच्या माळावर गेले. हिवराच्या झाडांत छोट्या निखारांची जोडी फिरत होती. निखार चिमणीपेक्षाही लहान असतो. नर राखाडी पाठीचा, छातीवर जणू विस्तव ठेवलेला. शरयूने फोन वर केला. फोन म्हणाला, छोटा निखार, नर, खात्री नव्व्याण्णव टक्के.

हणमंतने चष्मा काढला. त्याचं पिवळसर काचेचं भिंग अतिनील प्रकाश अडवायचं. डॉक्टरांनी दिवसाकाठी चाळीस मिनिटं चष्मा काढायची परवानगी दिली होती. त्याहून जास्त उन्हाने पडदा भाजण्याची भीती होती.

“हा मुका आहे,” तो पुटपुटला.

ऋताने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तिनेही स्वतःचा चष्मा काढला. तेव्हा शरयूला कळलं की ती काच ओळखीची होती.

“तुम्ही पण?” हणमंतने विचारलं.

“मागच्याच्या मागच्या वर्षी. बायकांत रंगांधळेपण फार थोड्यांना असतं, त्यातली मी एक. मोतीबिंदूही लहानपणीचाच.” ती निखाराकडे बघत होती. “मुका म्हणजे? याच्या छातीवर ते नाहीय म्हणून?”

“हां! गेल्या महिन्यात घाटात पाहिले तेव्हा सगळ्यांच्या छातीवर झांज होती.”

“झांज!” ऋता खळखळून हसली. “काय शब्द शोधलात ओ! दोन वर्षं मी त्याला काय म्हणावं म्हणून डोकं फोडतीय. झांजच आहे ती. वाजल्यासारखीच दिसते.”

शरयू दोघांच्या मध्ये उभी होती. तिच्यासमोर फांदीवर एक नारंगी छातीचा पक्षी बसला होता, स्वच्छ उन्हात, वीस हातांवर. तिची नजर उत्तम होती. झांज हा शब्द तिने आत्ता पहिल्यांदा ऐकला. तो तिच्या नवऱ्याने केला होता, घरात कधी उच्चारला नव्हता, आणि एका परक्या बाईला तो ऐकताक्षणी कळला होता.

“उशीर होतोय,” ती म्हणाली. “चष्मा घाला आता.”

*

मार्चभर हेच चाललं. ऋताला परवानगी होती. ती जाळी लावून निखार धरायची, पायात क्रमांकाचं कडं घालायची, प्रत्येक नराच्या छातीचं एक पीस काढून घ्यायची आणि सोडून द्यायची. हणमंत सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जायचा. आधी ‘जगदाळे सर’ म्हणणारी ऋता पाडव्यापर्यंत ‘हणमंतराव’ म्हणू लागली. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहायचा आणि तो सांगत सुटायचा. मोहरीच्या फुलाच्या मधोमध एक चांदणी असते. कोतवाल पक्ष्याच्या काळ्या पाठीवर ओल असते. ऋता तिला ‘तवंग’ म्हणते. चपखल आहे ना शब्द?

“मला काय विचारता?” शरयू म्हणायची. “मला कुठे दिसतंय?”

त्यानंतर तो सांगेनासा झाला. तेही तिला सोसेना. तो व्हरांड्यात गप्प बसून कुंपणाकडे बघत हसायचा आणि ती स्वयंपाकघरातून ते हसणं बघायची. कुंपणावर काय होतं? घाणेरीची फुलं. रोजचीच.

एप्रिलमध्ये तिने कुणाला न सांगता पुण्याच्या रुग्णालयात अर्ज केला. तिथल्या डॉक्टरणीने अर्धा तास तपासलं आणि प्रसन्नपणे सांगितलं, “तुमचे डोळे फार छान आहेत. मोतीबिंदू नाही, काही नाही. अशा डोळ्यांना मी हात लावणार नाही.”

“मी लिहून देते, माझ्या जबाबदारीवर.”

“मॅडम, भुकेल्याला आम्ही जेवण देतो. जेवलेल्याचं पोट फाडून दुसरं ताट कसं भरणार?”

येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. अख्खं आयुष्य ज्या डोळ्यांचं कौतुक ऐकलं त्यांची तिला त्या दिवशी चीड आली.

त्याच महिन्यात हणमंतच्या तपासणीत उजव्या डोळ्याच्या पडद्यावर दोन बारीक डाग सापडले. तो चाळीस मिनिटं पाळत नव्हता. डॉक्टरांनी वेळ वीस मिनिटांवर आणली. शरयू घाबरली, ती खरोखर घाबरली होती. पण त्या भीतीच्या तळाशी तिला आणखी काहीतरी जाणवलं. बरं झालं, असं काहीतरी. तिने ते लगेच दाबून टाकलं, आणि त्या दिवसापासून चष्म्याची राखण करू लागली. त्यात काळजी किती आणि दुसरं काय किती, ते तिचं तिलाही वेगळं करता येत नव्हतं.

*

मे महिन्यात कळलं की धोंडाईचा माळ सौर प्रकल्पासाठी द्यायचं ठरतंय. कागदोपत्री तो पडीक होता. साताऱ्याला तज्ज्ञ समितीची बैठक ठरली, दहा दिवसांवर.

ऋता दुपारीच घरी आली. “शरयूताई, माळावरचे मुके आणि घाटातले झांजवाले हे एक पक्षी नाहीत. त्यांच्या माद्यांना नर ओळखू येतो तो झांजेवरून. दोघांची लग्नंच होत नसणार. वेगळी जात आहे ती, आणि या माळाशिवाय कुठं सापडलेली नाही. हे सिद्ध झालं तर माळ वाचतो.”

“सिद्ध कसं करणार? फोनच्या कॅमेऱ्याला माणसाला दिसतं तेवढंच दिसतं.”

“अतिनील कॅमेरा आमच्या संशोधन संस्थेत एकच आहे आणि तो लडाखच्या मोहिमेवर गेलाय. जुलैत येईल. तोवर यंत्रं लागतील माळावर.”

“मग तुम्ही दोघं सांगताय म्हणून समितीने मानायचं?”

“नाही,” ऋता म्हणाली. “तुम्ही आमची परीक्षा घ्या. तुम्ही जे म्हणाल ते समिती मानते.”

शरयूने आठवडाभर खपून परीक्षा आखली, आणि ती चोख आखली. ऋताकडे पाकिटांत पिसं होती, प्रत्येक पाकिटावर पक्ष्याच्या कड्याचा क्रमांक. त्यातली चाळीस शरयूने निवडली, साध्या पाकिटांत घातली आणि वर एक ते चाळीस आकडे टाकले. कुठल्या आकड्याला कुठलं कडं ते तिने वहीच्या एका पानावर लिहिलं. माळाची किती, घाटाची किती, ते कुणाला सांगितलं नाही. मग एका खोलीत हणमंत, दुसऱ्या खोलीत ऋता, आणि पाकिटं शरयू इकडून तिकडे नेणार. चष्मा काढून, एकेक पीस खिडकीच्या उजेडात धरून, कागदावर ‘माळ’ किंवा ‘घाट’ लिहायचं. फोन बंद.

वीस मिनिटांत दोघं मोकळे झाले.

शरयू दोन्ही कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. वही उघडली. एक, बरोबर. दोन, बरोबर. दहापर्यंत एकही चूक नव्हती. चाळीसपैकी चाळीस. दुसरा कागद. चाळीसपैकी चाळीस.

बाहेर व्हरांड्यात दोघं बोलत होते. परीक्षा संपली होती. आता बोलायला हरकत नव्हती.

“सत्तावीस नंबरचं बघितलंत का?” ऋताचा आवाज. “काय वाजत होतं!”

“सोडवेना हातातून,” हणमंत म्हणाला. “मी तर घड्याळ विसरून बसलो होतो.”

आणि मग दोघं गप्प झाले. एखादी सुंदर गोष्ट एकदम आठवल्यावर माणसं होतात तशी.

शरयूने सत्तावीस नंबरचं पाकीट उघडलं. नखाएवढं पीस. खिडकीशी धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. नारंगी. फक्त नारंगी. त्याच्या शेजारी एकोणिसावं ठेवलं. तेही तसंच. ती दहा मिनिटं बघत राहिली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

मग तिने कोरा कागद घेतला. समितीला द्यायची उत्तरसूची त्यावर लिहायची होती: आकडा, आणि पुढे माळ की घाट. लिहिता लिहिता सतरा ठिकाणी तिने माळाचं घाट केलं आणि घाटाचं माळ. अक्षर नेहमीसारखं गोल गरगरीत आलं. वहीतलं पान मात्र फाडायचं धाडस तिला झालं नाही.

“तेवीस बरोबर, सतरा चूक,” बाहेर येऊन ती म्हणाली. “दोघांचेही. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते.”

*

हणमंतचा चेहरा पडला. ऋताने मात्र तिन्ही कागद मागून घेतले आणि मेजावर शेजारी शेजारी मांडले. बराच वेळ ती बोट फिरवत राहिली.

“शरयूताई, गंमत बघा. सूचीशी आम्ही चुकतोय. पण एकमेकांशी चाळीसच्या चाळीस जुळतोय.”

हे शरयूच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“वेगळ्या खोल्यांत बसून, न बोलता,” ऋता म्हणाली. “नुसत्या अंदाजाने असं जुळायचं म्हणजे एक लाख कोटी वेळा खेळलं तर एकदा जमेल. आम्हाला काहीतरी दिसतंय हे नक्की. चूक सूचीत आहे.”

हणमंतने बायकोकडे पाहिलं. चोवीस वर्षांत तिने एका पाकिटावर चुकीचा आकडा टाकलेला त्याने पाहिला नव्हता. क्षणभरच पाहिलं त्याने. मग नजर वळवली.

“चूक माझी असेल,” तो म्हणाला. “जाळीपाशी पिसं पाकिटात घालायचं काम माझ्याकडे होतं. घाईत इकडची तिकडे गेली असतील माझ्याकडून.”

“हणमंतराव, सतरा?”

“गेली असतील.”

ऋता मटकन खुर्चीत बसली. “मग सगळीच पिसं बाद. पुन्हा चाळीस पक्षी धरायचे म्हणजे महिना. बैठक परवा आहे.” ती कुणावर रागावली नाही. पर्स उचलली, चपला घातल्या आणि गेली.

ते दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे झाले. हणमंतने तिला काहीच विचारलं नाही. तो विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि तो विचारत नाही याचं तिला बरंही वाटत राहिलं.

*

साताऱ्याच्या बैठकीला अध्यक्ष म्हणून निवृत्त वनाधिकारी पाटणकर होते. ऋता उभी राहिली आणि म्हणाली की पिसांची सरमिसळ झाल्याचा संशय असल्यामुळे ती दावा मागे घेते आहे. हणमंत मान खाली घालून बसला होता. सगळ्या सभेपुढे त्याचं नाव घेतलं गेलं: नमुने हाताळण्यात निष्काळजीपणा, श्री. जगदाळे.

“परीक्षकांना काही म्हणायचंय?” पाटणकरांनी विचारलं.

शरयू उठली. हणमंतने तिच्या पदराचं टोक धरलं. “बस,” तो पुटपुटला. “झालं ते झालं.”

तिने पदर सोडवून घेतला.

“पिसं मिसळलेली नाहीत,” ती म्हणाली. “सूची मी बदलली. ही माझी वही. या पानावर कड्यांचे क्रमांक आहेत, डॉ. कोपर्डेकरांच्या नोंदवहीशी ताडून बघा. दोघांची चाळीसच्या चाळीस उत्तरं बरोबर होती.”

पाटणकरांनी चष्मा कपाळावर चढवला. “चुकून झालं म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही. जाणूनबुजून.”

“पण का, बाई? तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदींत एक खोट नाही.”

शरयूने ऋताकडे पाहिलं. ऋताचा चेहरा दगडासारखा झाला होता.

“त्यांना दिसत होतं,” ती म्हणाली, “आणि मला दिसत नव्हतं. मला ते सहन झालं नाही.”

ती खाली बसली.

नोंदवह्या तिथेच ताडून पाहिल्या गेल्या. समितीने माळाच्या कामाला सप्टेंबरपर्यंत स्थगिती दिली. कॅमेरा येऊन तपासणी झाल्यावर पुढचं ठरणार होतं. शरयूचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं. दोन्ही निर्णय पाच मिनिटांत झाले. बाहेर पडताना ऋता जिन्यावर तिच्याजवळ थांबली. “मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही, शरयूताई,” ती म्हणाली. “पण उभ्या राहिलात.” आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली.

हणमंत बसस्टँडपर्यंत मुकाट चालला. तिथे म्हणाला, “मी माळावर जातो. मेंढ्यांची लस राहिलीय. चार-पाच दिवस लागतील.”

*

सहाव्या दिवशी शरयू गेली. धोंडाईच्या माळावर म्हाकूबाईचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे मेंढ्यांचा तळ, चार काठ्यांवरचं पाल आणि भोवती जाळी. म्हाकूबाई धनगरीण चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने शरयूला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“भांडलाय व्हय?”

“हो.”

“तरीच. तुमचं डाक्टर जेवतंय, पर बोलत न्हाई. मेंढरांसंगं बी बोलंना. त्या हिवराखाली हाय बघा.”

हणमंत झाडाखाली घोंगडीवर बसला होता. चष्मा डोळ्यांवर होता. ती समोर उभी राहिली.

“तू सूची बदललीस,” तो म्हणाला, जणू मधले सहा दिवस नव्हतेच. “ते वाईट केलंस, पण मला कळलं. मी तुझ्यासाठी खोटं बोललो आणि तू दोन दिवस मला त्या खोट्यात बसू दिलंस. चारचौघांत माझं नाव निघेपर्यंत. ते मला कळत नाही.”

“मलाही नाही कळत.”

“मग मी काय करू?”

“काही करू नका.” ती म्हणाली. “तो शब्द मी तिच्यासमोर ऐकला. झांज. चोवीस वर्षं तुमचे सगळे रंग माझ्या शब्दांत होते. आणि मला वाटलं, आता यांना माझा काही उपयोग नाही.”

हणमंतने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. “उपयोग? मी काय तुला रंग सांगायला ठेवली होती का?” त्याचा आवाज चढला. “मी सांगायला यायचो गं. रोज यायचो. तू चष्मा आणून द्यायचीस.”

पलीकडे मेंढ्या एकमेकींच्या सावलीत डोकी घालून उभ्या होत्या. म्हाकूबाईने पालातून हाक दिली की भाकरी झाल्यात. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“राग गेलेला नाही माझा,” तो म्हणाला.

“नसेलच.”

वरच्या फांदीत चिवचिव झाली. निखाराचा नर चोचीत अळी धरून आला आणि गाठीएवढ्या घरट्याच्या काठावर बसला. तीन उघड्या चोची वर आल्या. हणमंतने सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चष्मा काढला आणि वर बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, व्हरांड्यातलं. नराच्या छातीवर नव्हे, पिलांच्या चोचीत त्याला काहीतरी दिसत असावं, कारण तो तिकडेच पाहत होता.

शरयूच्या छातीत तीच कळ उठली. एवढं सगळं होऊनही ती तसूभर कमी झालेली नव्हती. तिने ती या वेळी दाबली नाही.

“मला आत्ता तुमचा हेवा वाटतोय,” ती म्हणाली. “फार वाटतोय.”

हणमंतने वरून नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं. पिलं ओरडत होती. त्याने घोंगडीवर बाजूला सरकून जागा केली, आणि ती बसली.